मोठ्या नेत्यांना कधी शिक्षा होते का? राजकीय उत्तरदायित्वाची वाट, तिच्यातले अडथळे आणि आपल्या हातातली साधने

अभ्यासवर्गात एखाद्या अत्याचाराच्या प्रकरणावर किंवा महामंडळातल्या घोटाळ्यावर चर्चा सुरू झाली की ती हमखास एका वाक्यावर येऊन थांबते : "मोठ्यांचं काही होत नाही." हे म्हणणारे तरुण घरात बसून बोलत नसतात. निवेदने देऊन, मोर्चे काढून, कोर्टाच्या तारखांना जाऊन ते इथवर आलेले असतात. त्यामुळे त्यांना "निराश होऊ नका" असे सांगून भागणार नाही. त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे, मोठे लोक सुटतात ते नेमके कुठून सुटतात आणि जे सुटले नाहीत ते का सुटले नाहीत, हे नोंदींवरून तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

उत्तरदायित्व म्हणजे फक्त तुरुंग नव्हे

राजकीय उत्तरदायित्वाचे चार प्रकार वेगवेगळे पाहिले पाहिजेत. पहिला, पद जाणे. दुसरा, न्यायालयात दोष सिद्ध होऊन शिक्षा होणे. तिसरा, अपात्र ठरून निवडणूक लढवता न येणे. चौथा, मतदारांनी पाडणे. हे चारही एकत्र क्वचितच घडतात. पद गेले तरी शिक्षा होत नाही, शिक्षा झाली तरी अपिलात स्थगिती मिळते, आणि अपात्र ठरलेल्या नेत्याची पत्नी किंवा मुलगा त्याच मतदारसंघात उभा राहतो. "काही होत नाही" असे आपण म्हणतो तेव्हा यातले काय झाले नाही, हे आधी ठरवायला हवे.

अंतुले प्रकरण : महाराष्ट्राचा पहिला मोठा धडा

ए. आर. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्या काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. कोट्यातले सिमेंट देण्याच्या बदल्यात बांधकाम व्यावसायिकांकडून मुख्यमंत्र्यांशी संबंधित प्रतिष्ठानाला देणग्या घेतल्या जातात, असा आरोप १९८१ मध्ये वृत्तपत्रांतून पुढे आला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला.

राजकीय कार्यकर्ते रामदास नायक यांनी खासगी तक्रार दाखल केली. पुढची अनेक वर्षे वाद गुन्हा घडला की नाही यावर झालाच नाही. खटल्याला कोणाची मंजुरी लागते आणि तो कोणत्या न्यायालयात चालायचा, यावरच तो चालू राहिला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने हे सोपवणेच चुकीचे ठरवले. अंतुले यांना अखेर शिक्षा झाली नाही आणि पुढे ते दोनदा केंद्रात मंत्री झाले.

इथपर्यंत वाचले की निराशा पक्की होते. पण याच प्रकरणातून दोन गोष्टी देशाला कायमच्या मिळाल्या. लोकसेवकाच्या भ्रष्टाचाराविरुद्ध सामान्य नागरिकही थेट न्यायालयात तक्रार करू शकतो, हे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटले असेल, तर खटल्यासाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली मंजुरी लागत नाही, हेही तेव्हाच ठरले. ही दुसरी सूट २०१८ च्या दुरुस्तीने काढून घेतली. कायदा एकदा पुढे गेला की तिथेच थांबतो असे नाही, तो मागेही खेचला जातो.

ज्यांना शिक्षा झाली

चारा घोटाळा जानेवारी १९९६ मध्ये चाईबासाच्या कोषागारातून उघड झाला. पाटणा उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. लालूप्रसाद यादव यांनी १९९७ मध्ये मुख्यमंत्रीपद सोडले आणि त्या जागी पत्नी राबडीदेवी आल्या. दोष सिद्ध झाला तो ३० सप्टेंबर २०१३ रोजी, सतरा वर्षांनी. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि खासदारकीही गेली.

हरियाणाचे माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांना शिक्षकभरतीच्या घोटाळ्यात २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ती सर्वोच्च न्यायालयातही टिकली आणि म्हातारपणी त्यांनी ती तिहारमध्ये भोगली.

दिल्लीत १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातील एका प्रकरणात खालच्या न्यायालयाने २०१३ मध्ये माजी खासदार सज्जनकुमार यांना निर्दोष सोडले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी तो निकाल फिरवून जन्मठेप दिली. मधे चौतीस वर्षे गेली. पती आणि मुलगा गमावलेली एक स्त्री एवढी वर्षे साक्षीवर ठाम राहिली.

महाराष्ट्रात जळगावची घरकुल योजना झोपडपट्टीतल्या गरिबांसाठी होती. २००६ मध्ये महापालिकेच्या आयुक्तांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटी रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांनाही शिक्षा झाली. पुढे अपिले झाली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा २००२ मधला घोटाळा होता. त्यात आमदार सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची आमदारकी रद्द झाली.

या प्रकरणांवरून दिसते की "कधीच काही होत नाही" हे खरे नाही. "फार उशिरा होते आणि फार थोड्यांचे होते" हे मात्र खरे आहे. जिथे शिक्षा झाली तिथे तीन गोष्टींपैकी किमान एक तरी ठळक दिसते. आतल्या कुणा अधिकाऱ्याने कागद बाहेर काढले, पीडित किंवा साक्षीदार मागे हटले नाहीत, किंवा तपास अथवा खटला आरोपीच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेला.

वाट कुठे अडते

*मंजुरी.* भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ नुसार लोकसेवकावर खटला भरायला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. २०१८ च्या दुरुस्तीने कलम १७अ आले आणि पदावरून घेतलेल्या निर्णयांच्या चौकशीआधीही मंजुरी आवश्यक झाली. इतर गुन्ह्यांसाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८ आहे. त्यात एक सुधारणा आहे : १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असे मानले जाते.

*खटला मागे घेणे.* सरकार बदलले की आपल्या माणसांवरचे खटले मागे घेण्याची पद्धत जुनी आहे. १० ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही.

*पक्षांतर.* 'इंडियन एक्स्प्रेस'ने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासानुसार, २०१४ नंतर भ्रष्टाचाराच्या चौकशीला तोंड देणारे विरोधी पक्षांतले २५ नेते भाजपकडे गेले आणि त्यातल्या २३ जणांना दिलासा मिळाला.

*अटकेलाच शिक्षा मानणे.* ईडीने दहा वर्षांत राजकीय नेत्यांवर १९३ प्रकरणे नोंदवली आणि दोष सिद्ध झाला तो फक्त दोन प्रकरणांत, असे केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले. विरोधकाला अटक झाली म्हणून टाळ्या वाजवायच्या आणि तोच पुढे सुटला की व्यवस्थेला शिव्या घालायच्या, यातून उत्तरदायित्व उभे राहत नाही. आठ वर्षे खटल्याविना तुरुंगात ठेवणे हाही न्याय नाही. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाच्या प्रकरणात तत्कालीन आमदार रमेश कदम यांना २०१५ मध्ये अटक झाली, २०२३ मध्ये जामिनावर ते बाहेर आले. ते दोषी की निर्दोष याचा निकाल लागण्याआधीच आठ वर्षे गेली. ज्या मातंग समाजासाठी ते महामंडळ होते, त्याच्या पदरात या काळात काय पडले, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

*चौकशी आयोग.* १९५२ च्या कायद्याखालच्या आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल दिला आणि तत्कालीन राज्य सरकारने त्याचे निष्कर्ष फेटाळले. म्हणून आयोग नेमला जाताच आंदोलन मागे घेणे धोक्याचे असते.

रमाबाई नगरचा अनुभव

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण मारले गेले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये, बारा वर्षांनी, उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जन्मठेप झाली आणि लवकरच उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.

या प्रकरणात जबाबदारीची साखळी एका उपनिरीक्षकापाशी येऊन संपली. त्याच्या वर कोण होते, गृहखात्याचे काम काय होते, हे प्रश्न फौजदारी खटल्याच्या कक्षेत आलेच नाहीत. आपल्या समाजाची निराशा अशा अनुभवांतून आलेली आहे, हे मान्य केल्याशिवाय तिच्याशी बोलता येत नाही.

कायद्यातली एक पोकळी

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ मध्ये अपात्रतेचे नियम आहेत. कलम ८(१) मध्ये ठरावीक गुन्ह्यांची यादी आहे. त्यात दोष सिद्ध झाला की शिक्षा कितीही असो, नुसता दंड असला तरी, अपात्रता येते. या यादीत नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ आहे. पण अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ नाही. ॲट्रॉसिटीखाली दोषी ठरलेला आमदार तेव्हाच अपात्र होतो, जेव्हा त्याला कलम ८(३) नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा होते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधील गुन्ह्यांना किमान शिक्षा सहा महिन्यांची आहे. म्हणजे दलित माणसाला जातीवरून अपमानित केल्याचे सिद्ध होऊन एक वर्षाची शिक्षा झाली, तरी तो सभागृहात बसू शकतो.

१० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालापूर्वी तर अपील केले की पद वाचत असे. ती पळवाट न्यायालयाने बंद केली. ही पोकळी मात्र संसदेनेच भरायची आहे. "८(१) च्या यादीत ॲट्रॉसिटी कायदा घाला" ही एका ओळीची, मोजता येणारी मागणी आहे. प्रत्येक उमेदवाराला ती लेखी विचारता येते.

आपल्या हातातली साधने

१. उमेदवाराचे शपथपत्र, म्हणजे नमुना २६. त्यात गुन्हे, मालमत्ता आणि देणी असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. वाचताना प्रलंबित गुन्हा आणि सिद्ध झालेला गुन्हा यांत फरक करा. आंदोलनाचे गुन्हे आपल्या कार्यकर्त्यांवरही असतात. एडीआरच्या विश्लेषणानुसार २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ खासदारांनी (४६ टक्के) गुन्हे जाहीर केले आहेत. २००९ मध्ये हे प्रमाण ३० टक्के होते.

२. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करा आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा (नवीन संहितेचे कलम १७५(३)). ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात कलम १८अ मुळे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही.

३. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ : दलित-आदिवासी नसलेल्या लोकसेवकाने कर्तव्यात जाणूनबुजून हयगय केली तर तो गुन्हा आहे. या कलमाचा वापर फार कमी होतो.

४. कलम १५अ : पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क. साक्षीदार फुटतो तो बहुधा एकटा पडल्यामुळे. तारखेला त्याच्यासोबत जाणे हे आपले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

५. जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा बसली पाहिजे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य समितीने वर्षातून दोनदा बसायचे आहे. माहिती अधिकारात बैठकीच्या तारखा आणि इतिवृत्ते मागा. बैठक न झाल्याचे लेखी उत्तर हाही पुरावाच असतो.

६. आरोपी निर्दोष सुटला, तर पीडिताला स्वतः अपील करण्याचा हक्क आहे. सरकारची वाट पाहत बसू नका, पण मुदत चुकवू नका.

'सगळे सारखेच' या भावनेचा फायदा कुणाला?

'सगळे सारखेच' असे मानले की दोषी आणि निर्दोष, थोडा दोषी आणि अट्टल दोषी यांत फरक करायचे कामच उरत नाही. मग मत जातीवर, पैशावर किंवा ओळखीवर जाते. ज्याच्यावर सर्वाधिक आरोप आहेत, त्याला याहून सोयीचे काही नाही.

दुसरे टोक भक्तीचे आहे. आपल्या नेत्यावर आरोप झाला की तो कट, आणि दुसऱ्याच्या नेत्यावर झाला की सत्य. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. तो आपल्या गटातटांच्या नेत्यांनाही लागू आहे. समाजाच्या नावाने मिळालेल्या पदाचा, जमिनीचा, संस्थेचा हिशेब मागणाऱ्याला आपणच 'फुटीर' ठरवत असू, तर मंत्रालयाकडे हिशेब मागण्याचे बळ आपल्यात येणार नाही.

प्रत्येक तालुक्यातल्या गटाने एकच प्रकरण निवडावे. त्याची फाइल करावी : फिर्यादीची प्रत, दोषारोपपत्र, प्रत्येक तारीख, त्या तारखेला काय झाले आणि कोण गैरहजर होते. कार्यकर्ते बदलतात, नोकरीला लागतात, शहर सोडतात. फाइल दुसऱ्याच्या हाती देता आली पाहिजे. सतरा आणि चौतीस वर्षांच्या खटल्यांत एक माणूस पुरत नाही. समोरचा नेता आपण थकण्याची वाट पाहत असतो, म्हणून थकलेल्याच्या जागी दुसरा उभा राहील अशी व्यवस्था लावून ठेवणे हेच संघटनेचे काम आहे.