किल्ला वाचला, देऊळ पडले

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार होत असताना, दोन परकी सत्तांच्या लढाईत पडलेल्या आणि लोकांनी पुन्हा उभारलेल्या एका देवळाची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

पूर्व किनाऱ्यावरील पाँडिचेरी, म्हणजे आजचे पुदुच्चेरी, हे फ्रेंचांचे हिंदुस्थानातील मुख्य ठाणे. युरोपात इंग्रज-फ्रेंचांचे युद्ध जुंपले, त्याची झळ येथवर पोचली. सन १७४६ मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांचे मद्रास घेतले. त्याचा वचपा काढण्यासाठी ऑगस्ट १७४८ मध्ये ॲडमिरल बॉस्कॉवेन याने मोठ्या आरमारानिशी येऊन पाँडिचेरीस वेढा दिला. आत गव्हर्नर डुप्ले होता.

शहरात वेदपुरीश्वराचे जुने शिवमंदिर होते. त्याला लागूनच जेझुइट पाद्र्यांचे चर्च. देऊळ हलवावे हा पाद्र्यांचा हट्ट फार वर्षांचा. परंतु लोक गाव सोडून जातील व व्यापार बसेल, या भीतीने तो आजवर तडीस गेला नव्हता. वेढ्याच्या धामधुमीत डुप्लेने ती संधी साधली आणि सप्टेंबरमध्ये देऊळ पाडले गेले. त्याचा विश्वासू दुभाषी आनंद रंग पिळ्ळै हा स्वतः हिंदू. पण त्याच्यानेही ते थांबवले नाही. त्याने आपल्या तमिळ रोजनिशीत सर्व लिहून ठेवले, म्हणून आज आपणांस कळते.

इकडे इंग्रजांनी दलदलीच्या बाजूने मोर्चे लावले. तोफा तटापासून दूर पडल्या. त्यात रोगराई पसरली, पावसाळा तोंडावर आला. हजारावर गोरी माणसे गमावून ऑक्टोबरमध्ये त्यांनी वेढा उठवला. त्याच महिन्यात युरोपात तह झाला. मद्रास इंग्रजांना आणि अमेरिकेतील लुईबर्ग फ्रेंचांना परत मिळाले. ज्याचे त्याला पोचले. देवळाची भरपाई मात्र कोणी केली नाही.

पुढे जानेवारी १७६१ मध्ये इंग्रजांनी पुन्हा वेढा घालून पाँडिचेरी जिंकली व तिची तटबंदी जमीनदोस्त केली. ज्या किल्ल्याचा एवढा अभिमान, तोही राहिला नाही. वेदपुरीश्वराचे देऊळ मात्र लोकांनी वर्गणी गोळा करून दुसऱ्या जागी बांधले. तेथे आजही पूजाअर्चा चालते.

तट राजाच्या खजिन्यातून उठतो व राजाबरोबर जातो. देऊळ गावाच्या श्रद्धेतून उठते, म्हणून पडले तरी पुन्हा उभे राहते. आपल्या गावाने हेच करून दाखविले आहे. ग्रामदैवत सर्वांचे कल्याण करो.