सातचा भोंगा

बचत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, पासबुकं सगळं उरकलं की चहाच्या वेळी आमच्याकडे एकच विषय निघतो. पोरगं मोबाईल सोडत नाही. हिसकावला की जेवत नाही, आपटाआपट करतं. आम्ही नवीन जालन्यात गटांचं काम करतो. कुंडलिकेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, तक्रार तीच. म्हणून आज एका गावाची हकीकत सांगायची आहे.

त्याआधी जरा मागे जाऊ. १९८७ साली रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं, तेव्हा गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि सगळी गल्ली त्या घरात. आमच्यातल्या काही जणी तेव्हा आईच्या कडेवर होत्या. मुलं काय बघतात ते सगळ्यांसमोर असायचं. कार्यक्रम संपला की टीव्ही आपोआप शांत. पुढे घरोघरी टीव्ही आला, तरी तो भिंतीलगतच होता. २०१६ च्या सप्टेंबरात इंटरनेट एकदम स्वस्त झालं आणि पडदा खिशात आला. मग मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या आणि शाळाच फोनमध्ये गेली. कुणी दागिना मोडून, कुणी गटातून कर्ज काढून मुलांना फोन घेऊन दिला. त्या कर्जांचे अर्ज आम्हीच भरलेत. म्हणजे पोरांनी फोन चोरून नेला नव्हता, आपणच हौसेनं नव्हे तर गरजेनं त्यांच्या हातात ठेवला. शाळा उघडल्या, पण फोन हातातच राहिला.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. उसाचा पट्टा, लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास. मुलं शाळेतून आली की फोन, आईबापही कामावरून आले की फोन नाहीतर टीव्ही. सरपंच विजय मोहिते यांनी संध्याकाळी दीड तास सगळं बंद ठेवायची कल्पना मांडली, तेव्हा पुरुष मंडळी आधी हसली. मग ग्रामपंचायतीनं बायकांना एकत्र बोलावलं. आणि बायकांनी काय केलं? आपणच मालिका फार बघतो, हे कबूल केलं. मैत्रिणींनो, हकीकतीतला हा भाग आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. मुलांवर बोट दाखवणं सोपं होतं.

१४ ऑगस्ट २०२२ ला गावानं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून देवळावरचा भोंगा वाजू लागला. संध्याकाळी ७ ला वाजला की फोन, टीव्ही बंद. ८.३० ला पुन्हा वाजला की मोकळीक. मधल्या वेळात मुलांनी अभ्यास, वाचन करायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक काही ऐकेनात. ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावातली माणसं घरोघर फिरून सांगत. हळूहळू सवय झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी गावानं वेगळा ठराव केला. १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी, मोडली तर दंड. त्यांची काळजी खरी आहे. पण मोठ्यांचा फोन चालू आणि लहानांचा बंद, हे आम्हाला पटत नाही. मूल लपून बघायला शिकतं. आणि लपून बघताना कुणी त्रास दिला, घाणेरडा फोटो मागितला, तर ते आईला सांगायचं कसं?

हे सगळं ऐकून आम्हीही आमच्या वस्तीत ७ ते ८.३० ठरवलं. पंधरा दिवसांत फसलं. एक तर कितीतरी जणी कामावरून घरी पोचतातच साडेसातला. दुसरं म्हणजे, सांगायला लाज वाटते, पण गटाचे निरोप आम्हीच सव्वासातला व्हॉट्सॲपवर टाकत होतो. एका सातवीतल्या मुलीनं ते आम्हाला तोंडावर सांगितलं. आता निरोप दुपारी जातात आणि वेळ ८ ते ९ केली आहे. गटातल्या सगळ्या घरांत पाळतात असं नाही.

पण एक गोष्ट त्या तासात कळली. एक मुलगा रात्री उशिरापर्यंत गेम खेळायचा, सकाळी उठायचा नाही, चिडचिड करायचा. फोन बाजूला ठेवल्यावर चार दिवस नुसता गप्प बसला. पाचव्या दिवशी बोलला, की शाळेत मुलं चिडवतात. गेममध्ये कुणी चिडवत नव्हतं. फोन हा आजार असतो तसा कधी कधी दुखणं झाकायचं पांघरूणही असतो. नुसतं पांघरूण ओढून भागत नाही.

काही मुलांना याहून जास्त मदत लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या अतिरेकी आहारी जाण्याला आजारांच्या यादीत घेतलं आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून अशा व्यसनासाठी वेगळा दवाखाना चालतो. तेवढ्या लांब जायला नको. झोप, जेवण, शाळा, मित्र सगळंच सुटत चाललं असेल, किंवा मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, पैसे लागत नाहीत, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ आहे.

दोन्ही नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत आम्ही वही तपासणार आहोत, हप्त्यांसाठी नाही, त्या पानासाठी.