श्रोत्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका लहान ख्रिस्ती मंडळीचे पाळक आजारी पडले आणि एका रविवारचा उपदेश मजकडे आला. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिणारा. बोलण्याची भीती कसली? उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. मुलाने घर सोडले, पैसा उडवला, डुकरे राखली, मग तो परतला आणि बाप धावत सामोरा गेला, हे सारे रंगवून सांगितले. शेवटी ‘आपणही चांगले वागावे’ असे म्हणून वीस मिनिटांत मोकळा झालो.

बाहेर पडताना एका म्हाताऱ्या शेतमजुराने माझा हात धरला. “मास्तर, गोष्ट तं आमाले पाठ हाय. माहा पोरगा पुन्याले गेला, थो काई वापस आला नाई. बापानं तवा काय करावं, थे तं तुमी सांगतलंच नाई.”

मजजवळ उत्तर नव्हते. घरी आल्यावर मात्र आठवले की हा प्रश्न आजचा नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले १६१६ साली. मधली सदतीस वर्षे त्याने लोकांची भाषा कानांत साठवण्यात घालवली. या पुराणाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टीच्या देवळात मुलांना धर्मशिकवण चाललेली असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : ही शिकवण ठीकच आहे, पण आमची जुनी पुराणे बंद झाली, त्यांच्या जागी आम्हांला काय देता? या मागणीला पाद्रीबाबांनी आणखी चार प्रश्नोत्तरे पाठ करायला देऊन वाटेला लावले नाही. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्या लिहिल्या. पुराणे ऐकून ज्याचे कान तयार झाले आहेत, त्याला त्याच तोलाचे काही दिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

मराठी मुलखातला श्रोता असा आहे. दिवसभर कापूस वेचून थकलेला माणूस रात्री कीर्तनाला मांडी घालून बसतो आणि पूर्वरंगातले तत्त्वनिरूपण कान देऊन ऐकतो. आमच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा शाळेत शिकलेले नव्हते. पण त्यांच्या कीर्तनात प्रश्नांची सरबत्ती असे आणि उत्तर श्रोत्यांकडून यावे लागे. १९५६ साली ते गेले. त्यांचे प्रश्न अजून माणसांच्या तोंडी आहेत.

अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, ख्रिस्ती लोकांना ही खूण पटली होती. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी तेथे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन आणि अभंग देवळात आणले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली ते वारले तेव्हा अपुरे होते. त्याचा बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी रचला. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तिने हे केले! तेव्हा खोल उपदेशाला मोठी पदवी लागते, ही सबब निदान आम्हांला तरी चालण्यासारखी नाही.

आमच्याकडे अलायन्स मिशनचे अमेरिकन लोक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. लवकरच १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पडले. उपाशी माणसाला आधी भाकर द्यावी आणि चार सोप्या गोष्टी सांगाव्या, हे त्या काळी योग्यच होते. पण आज त्यांची नातवंडे, पतवंडे शिकून शहरांत गेली आहेत. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी आयुष्यभर वचने ऐकली आहेत. त्यांना अजून पहिल्या इयत्तेचाच धडा? मी वर्गात असे केले तर मुले खिडकीबाहेर पाहतात. उपासनेत माणसे शिष्टाचाराने समोर पाहतात, एवढाच फरक.

त्या रात्री मी दाखला पुन्हा वाचला. मुलगा दूर असतानाच बापाने त्याला पाहिले, असे तेथे लिहिले आहे. म्हणजे बापाची नजर वाटेवरून हटली नव्हती. पुढे थोरला मुलगा रुसून बाहेर राहिला, तर बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर गेला. तो आत आला की नाही, हे सांगितलेलेच नाही. मुलाची वाट पाहणाऱ्या बापासाठी सारे तेथे होते, आणि मी ते ओलांडून चांगल्या वागणुकीवर जाऊन बसलो होतो.

पुढच्या रविवारी म्हाताऱ्याच्या ओसरीवर गेलो आणि तो भाग त्याला सावकाश वाचून दाखवला. थोरल्या मुलाशी आल्यावर त्याने मला थांबवले.

“म्हंजे बापाची वाट पायनी सरतच नाई तं?”

“नाही, बाबा,” मी म्हणालो.

“मंग असं सांगा नं,” तो म्हणाला, आणि पुन्हा वाचायला लावले.