दीडशहाणी

मागे आमच्या गटातली एक जण कर्जाच्या व्याजाचा हिशेब विचारायला गेली. समोरच्या माणसानं हिशेब काही दाखवला नाही, वर हसून म्हणाला, "फारच दीडशहाणी दिसतेस!" तिनं येऊन आम्हाला विचारलं, हा शब्द आला तरी कुठून?

पुण्यात याचं उत्तर चटकन मिळतं: पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपासून. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस अर्धे, कारण बुद्धी तल्लख, पण तलवार गाजवणारे नव्हेत. गंमत बघा, विठ्ठल सुंदर 1763 साली राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला, सखारामबापूंना पुढे नानांनीच कैदेत टाकलं, आणि हे अर्धे शहाणे 1800 सालापर्यंत जगले.

गोष्ट छान आहे, पण आम्हाला पटत नाही. साडेतीनातला अर्धा म्हणजे कमी पडलेला. दीडशहाण्यातला अर्धा म्हणजे फाजील. शेरभर दुधात अर्धा शेर पाणी घालून दीड शेर म्हणून विकावं, तसा. शिवाय 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही शेतकऱ्याची म्हण, तिला दरबार कशाला लागतो? आमच्या मते हा शब्द मापातोलाच्या बोलण्यातूनच आला असावा. ठाम पुरावा दोन्हीकडं नाही.

इंग्रजीतही असाच एक टोमणा आहे, 'वाइजेकर'. ऐकून वाटतं, एकरभर शहाणपण! पण जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. जुन्या डच भाषेत भविष्य सांगणाऱ्याला जो शब्द होता, तो इंग्रजांच्या तोंडी असा झाला. कानाला ओळखीचं वाटलं की माणसं गोष्ट जोडतात, तिकडंही आणि पुण्यातही.

एक मात्र खटकतं. त्या साडेतीनांत बाई एकही नाही. त्याच काळात, 1767 ते 1795, अहिल्याबाई होळकर महेश्वरहून अख्ख्या राज्याचा कारभार पाहत होत्या. त्यांना ना पूर्णात धरलं, ना अर्ध्यात.

आमच्या त्या मैत्रिणीचं म्हणाल तर ती पासबुक घेऊन पुन्हा गेली. सोबत आम्ही चौघी होतो. व्याज परत मांडलं, तर जास्तीचे लावलेले निघाले नेमके दीडशे रुपये.