प्रेस्टनची निवडणूक आणि ओढ्यातली बाणाग्रे

आजचा धागा एका विनोदी चित्रपटाविषयी आहे. इतिहासाच्या धाग्यात चित्रपट कशाला, असे वाटेल. थोडा धीर धरा.

‘नेपोलियन डायनामाइट’ हा अमेरिकी चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कुरळ्या केसांचा, तोंड उघडे टाकून उभा राहणारा, कुणाशीही धड बोलता न येणारा एक शाळकरी मुलगा हा त्याचा नायक. शाळेत तो कुठेच बसत नाही. पेद्रो हा मेक्सिकन वंशाचा मुलगा नवीन दाखल होतो, दोघांची मैत्री होते आणि पेद्रो शाळेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवतो. समोर शाळेतली सर्वांत लोकप्रिय मुलगी. शेवटी नेपोलियन व्यासपीठावर एकटाच बेभान नाचतो आणि पेद्रो निवडून येतो. कथानक एवढेच. सुमारे ४ लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने ४ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. मुख्य भूमिकेसाठी जॉन हीडर या नटाला सुरुवातीला मिळाले होते केवळ १,००० डॉलर.

चित्रीकरण झाले आयडाहो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील प्रेस्टन या छोट्या गावात. दिग्दर्शक जॅरेड हेस स्वतः तिथल्याच शाळेत शिकला. म्हणजे हे गाव केवळ नेपथ्य नाही, आणि इथूनच आपले काम सुरू होते.

या खोऱ्यात गोरी वस्ती उभारली ती मॉर्मन पंथीयांनी. जवळचे फ्रँकलिन हे आयडाहोतील पहिले कायमस्वरूपी गोऱ्यांचे गाव, १८६० चे. गंमत अशी की, आपण युटाहमध्येच राहतो असे या रहिवाशांना बरीच वर्षे वाटत होते. १८७२ मध्ये सीमेची मोजणी झाली तेव्हा कळले की आपण सीमेच्या उत्तरेला आहोत, म्हणजे आयडाहोत! हा बदल पुढे महागात पडला. आयडाहोच्या प्रादेशिक विधिमंडळात मॉर्मनविरोधी राजकारण जोरात होते. मॉर्मन पंथात तेव्हा बहुपत्नीत्वाला मान्यता होती. १८८५ मध्ये कायदा झाला की मतदाराने शपथ घ्यावी : मी बहुपत्नीक नाही, आणि बहुपत्नीत्वाची शिकवण देणाऱ्या कोणत्याही संघटनेचा सदस्यही नाही. दुसरे कलम नीट वाचा. एकच पत्नी असलेला, इतकेच काय अविवाहित असलेला मॉर्मनही केवळ पंथाचा सदस्य म्हणून मताधिकार गमावून बसला.

हा वाद ‘डेव्हिस विरुद्ध बीसन’ या खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. खटला वनायडा काउंटीतला. प्रेस्टनचा परिसर तेव्हा त्याच काउंटीत मोडत होता. १८९० च्या फेब्रुवारीत न्यायालयाने शपथ वैध ठरवली आणि त्याच वर्षीच्या जुलैत आयडाहोला राज्याचा दर्जा मिळाला. ही बंधने व्यवहारात काही वर्षांतच संपली, परंतु राज्यघटनेतील संबंधित शब्द वगळायला १९८२ साल उजाडले.

आता चित्रपटातील एक प्रसंग आठवा. पेद्रो आपल्या प्रतिस्पर्धी मुलीची प्रतिमा असलेली पिन्याता, म्हणजे काठीने फोडायची खाऊभरली कागदी बाहुली, मैदानात टांगतो. मुख्याध्यापक त्याला बोलावून सुनावतात की मेक्सिकोत काय चालते ते मला ठाऊक नाही, पण आयडाहोत असे चालत नाही. प्रेक्षक हसतो. मी हसले, मग थबकले. ज्या मातीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मॉर्मनांनाच ‘तुम्ही इथले नागरिक शोभत नाही’ असे ऐकवले गेले, तिथे आता परका ठरवला जाणारा मुलगा दुसराच आहे. हेसच्या मनात हे होते असा माझा दावा नाही. किंबहुना नसावेच.

पण ज्या दृश्यामुळे हा धागा लिहावासा वाटला ते निराळेच आहे. नेपोलियन एका कोंबडीपालन केंद्रावर मजुरी करतो. दिवसभर पिंजरे हलवायचे आणि मोबदला तासाला जेमतेम डॉलरभर. तिथला एक वृद्ध शेतकरी जवळजवळ न कळणाऱ्या उच्चारांत पुटपुटतो की, त्या पलीकडच्या ओढ्यात मला शोशोनींची दोन बाणाग्रे सापडली. कुणी काही उत्तर देत नाही आणि दृश्य पुढे सरकते. विनोद आहे तो म्हाताऱ्याच्या बोलण्याच्या ढबीत.

शोशोनी हे या खोऱ्याचे मूळ रहिवासी. २९ जानेवारी १८६३ च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, कर्नल पॅट्रिक कॉनर याच्या नेतृत्वाखाली सॉल्ट लेक सिटीहून आलेल्या कॅलिफोर्निया स्वयंसैनिकांनी बेअर नदीकाठच्या त्यांच्या हिवाळी छावणीवर हल्ला केला. हे ठिकाण प्रेस्टनपासून अवघ्या काही मैलांवर आहे. मृतांच्या संख्येबाबत मतभेद आहेत. बहुतेक अंदाज २५० ते ४०० च्या दरम्यानचे, काही त्याहून अधिक. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. बेअर हंटर हा प्रमुख मारला गेला, सॅगविच हा दुसरा प्रमुख जखमी होऊन निसटला. कॉनरला बढती मिळाली. अमेरिकी यादवी युद्ध ऐन भरात असल्यामुळे वृत्तपत्रांचे लक्ष दुसरीकडे होते, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत वूंडेड नी असते, बेअर नदी नसते.

१९३२ मध्ये तिथे स्मारक उभारले गेले, पण त्यावरील शब्द होता ‘लढाई’. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या वसाहतकरी स्त्रियांचा गौरव स्मारकाने केला. १९९० मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित झाली तेव्हा अधिकृत नावात ‘हत्याकांड’ हा शब्द आला. एका शब्दासाठी वंशजांना सव्वाशेहून अधिक वर्षे थांबावे लागले.

चित्रपटातील ओढा नेमका तोच, असे मी म्हणत नाही. लेखकद्वयाने (जॅरेड आणि त्याची पत्नी जेरुशा) ते वाक्य बहुधा स्थानिक रंगासाठी घातले असेल. बाणाग्रे सापडणे तिथल्या शेतकऱ्याला नांगराला दगड लागण्याइतकेच सवयीचे असावे. मला अस्वस्थ करते ती हीच सवय.

२००५ मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने या चित्रपटाचे अभिनंदन करणारा एक खट्याळ ठराव संमत केला. त्यात नेपोलियन खिशात भरून नेतो त्या बटाट्याच्या तळलेल्या टेटर टॉट्सचाही गौरव होता, कारण बटाटा हे राज्याचे भूषण. ठराव वाचायला खरोखर मजा येते.

आणि २०१८ मध्ये शोशोनींच्या वायव्य शाखेने हत्याकांडाच्या परिसरातील सुमारे ५५० एकर जमीन परत मिळवली. परत मिळवली म्हणजे पैसे मोजून विकत घेतली.