साडेसात मैल ते साडेसात सेंटिमीटर

आजचा विषय डेप्थ कॅमेरा, म्हणजे समोरची वस्तू किती लांब आहे ते सांगणारा कॅमेरा. पण सुरुवात प्रकाशापासून करू. उजेडाचा प्रकाश नाही हो, शहादा तालुक्यातलं आपलं प्रकाशा, तापी-गोमाईच्या संगमावरचं.

समजा, तिथल्या घाटावर उभं राहून तापीची रुंदी काढायचीय, तेही पाण्यात पाय न घालता. पलीकडचं एक झाड धरा. अलीकडच्या काठावर शंभर पावलं मोजून दोन खुंट्या ठोका. दोन्हीकडून ते झाड किती कोनात दिसतं ते मोजा. एक बाजू, दोन कोन, त्रिकोण पक्का! शाळेतलंच गणित आहे. खुंट्यांमधल्या त्या अंतराला बेसलाइन म्हणतात.

याच युक्तीने विल्यम लॅम्ब्टनने भारत मोजायला घेतला. 1802 साली मद्रासला त्याने 100 फुटी पोलादी साखळीने जी बेसलाइन आखली, ती साधारण साडेसात मैलांची होती. कोन मोजायला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. तो डोंगरांवर चढवायचा म्हणजे विचार करा! वीस वर्षं हे काम करून 1823 मध्ये तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे.

आता थेट नोव्हेंबर 2010. मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट बाजारात आलं, हातात रिमोट न धरता गेम खेळायला. पहिल्या 60 दिवसांत 80 लाख विकले गेले. आत तंत्र होतं इस्रायलच्या प्राइमसेन्सचं. (त्याआधी जेमतेम पाच आठवडे, 29 सप्टेंबरला, शहादा तालुक्यातल्याच टेंभलीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. बुबुळ टिपणारा कॅमेराही इन्फ्रारेडवरच चालतो, पण तो अंतर मोजत नाही.)

किनेक्ट डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी खोलीभर फेकतं. बाजूचा कॅमेरा ती बघतो. वस्तू जवळ-लांब असेल तसा ठिपका जागेवरून सरकतो आणि किती सरकला यावरून चिप अंतर काढते. म्हणजे एक खुंटी प्रोजेक्टर, दुसरी कॅमेरा. दोघांमधली बेसलाइन? साडेसात सेंटिमीटर! 640 बाय 480 चं चित्र, सेकंदाला 30 वेळा, म्हणजे दर सेकंदाला 90 लाखांवर त्रिकोण. लॅम्ब्टनने कपाळावर हात मारला असता.

पण बेसलाइन लहान, तर पल्लाही लहान. किनेक्टचा भरवशाचा पल्ला 0.8 ते 4 मीटर. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. त्यात खानदेशचं ऊन! सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतंच, त्यात बिचारे ठिपके बुडून जातात. म्हणून डेप्थ कॅमेऱ्याची स्पेसिफिकेशन्स वाचताना मी मेगापिक्सेलच्या आधी बेसलाइन आणि पल्ला बघतो.

2013 मध्ये ॲपलने प्राइमसेन्स विकत घेतली. 2017 च्या आयफोन एक्समध्ये चेहऱ्यावर 30 हजारांहून जास्त ठिपके पडू लागले. चेहरा हातभर अंतरावर असतो, तिथे छोटी बेसलाइन पुरते.

2020 च्या आयपॅड प्रोमधल्या लायडारने मात्र त्रिकोणच सोडला. तो प्रकाशाला जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण 30 सेंटिमीटर जातो. पल्ला 5 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम 33 नॅनोसेकंद. इतका वेळ मोजणारं घड्याळ त्या एवढ्याशा सेन्सरमध्ये बसवलंय. ते कसं, ते पुढच्या भागात.