आलिशान घड्याळांच्या हमीचे हस्तांतरण

आलिशान घड्याळांच्या हमीचे हस्तांतरण म्हणजे उत्पादकाने नव्या घड्याळास दिलेल्या हमीचा (वॉरंटीचा) लाभ ते घड्याळ पुढे विकत घेणाऱ्या व्यक्तीस मिळणे होय. सामान्यतः ही हमी घड्याळाचा अनुक्रमांक व पहिल्या विक्रीची तारीख यांच्याशी जोडलेली असते. त्यामुळे मालक बदलला तरी उरलेली मुदत घड्याळासोबत पुढे जाते. मात्र ती नव्याने सुरू होत नाही.

मुदत

हमीची मुदत अधिकृत विक्रेत्याने पहिल्या ग्राहकास घड्याळ विकल्याच्या दिवसापासून मोजली जाते. रोलेक्स व ओमेगा या स्विस कंपन्या नव्या घड्याळांना ५ वर्षांची हमी देतात. जून २०२२ मध्ये विकले गेलेले असे घड्याळ जून २०२५ मध्ये दुसऱ्याने घेतल्यास त्याच्या वाट्याला २ वर्षेच उरतात.

अटी

अनुक्रमांक व विक्रीची तारीख नोंदवलेले हमीपत्र हा प्रमुख पुरावा असतो. नेहमीची झीज, चोरी, हरवणे व गैरवापराने झालेले नुकसान हमीत येत नाही. रोलेक्सच्या अटींनुसार बाहेरच्या कारागिराने दुरुस्ती केल्यास किंवा कंपनीने न बनवलेले सुटे भाग बसवल्यास हमी रद्द होते. आधीच्या मालकाने केलेल्या अशा बदलाचा फटका नव्या मालकास बसतो.

विक्रेत्याची हमी

अनधिकृत विक्रेते अनेकदा स्वतःची वेगळी हमी देतात. ती पाळण्याचे बंधन उत्पादकावर नसते. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये प्रमाणित जुन्या घड्याळांची योजना सुरू केली. तीत अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या घड्याळास २ वर्षांची नवी हमी मिळते.

कायदेशीर स्थिती

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार 'पूर्ण' हमी केवळ पहिल्या ग्राहकापुरती ठेवता येत नाही. 'मर्यादित' हमी मात्र तशी ठेवता येते. युरोपीय संघात २०१९ च्या निर्देशानुसार सदोष मालाबद्दल व्यापारी किमान २ वर्षे जबाबदार असतो. जुन्या वस्तूंसाठी ही मुदत उभय पक्षांच्या संमतीने १ वर्षापर्यंत कमी करण्याची मुभा सदस्य राष्ट्रे देऊ शकतात. हा निर्देश खासगी व्यक्तीने केलेल्या विक्रीस लागू नाही. तेथे उत्पादकाच्या उरलेल्या हमीचे महत्त्व अधिक असते.